पट २३ चा २० झाला तेव्हा: एक झेडपी शाळा, चार आरटीई नंबर

गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव यात कुठेच नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्या पण आहेत. मात्र मी यात बाहेरचा नाही हे आधीच सांगून टाकतो. गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, दाखले वगैरे, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीतही आहे. म्हणजे पोरं झेडपीतून काढायचे फॉर्म मीच भरले, आणि पोरं झेडपीत ठेवा म्हणून घरोघरी फिरलो तोही मीच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. दीडशे-एकशेसाठ घरं, कापूस, तूर, कुठे कुठे सोयाबीन. झेडपीची शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, सर आणि मॅडम, मुख्याध्यापकाचा चार्ज सरांकडेच. मी शिकलो तेव्हा एका वर्गात बसायला जागा नसायची, पट्टीवर सरकून सरकून बसायचो. आता चारही वर्ग मिळून पट तिशीच्या आत.

हा तिशीचा आकडा उगाच नाही सांगितला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर, म्हणजे नाव नोंदलेल्या पोरांच्या संख्येवर ठरतं. ३० पर्यंत पट असला तर १० हजार, त्याच्या वर १०० पर्यंत २५ हजार. म्हणजे एकतिसावं पोरगं गेलं की शाळेचे १५ हजार गेले. लाइट बिल मात्र तेवढंच, खडू तेवढाच, टाकीचा नळ गळायचा तो तसाच गळणार. आमचा पट ३३ वरून २८ झाला त्या वर्षी सर मला म्हणाले, बिल भरायचं की झाडू घ्यायचा ते ठरवा. गंमत नव्हती ती.

पोरं जातात कुठे, तर बाजाराच्या गावात एक इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा आहे तिथे. नकाशावर सरळ रेघ मारली तर पावणेतीन किलोमीटर, रस्त्याने नाल्याला वळसा घालून साडेचार. पिवळी व्हॅन सकाळी देवळापाशी येते.

आता आरटीईचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १२ (१) (क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना फुकट द्यायच्या आणि त्याचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रात ती एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये, शाळेची फी त्याहून कमी असली तर तेवढीच, आणि कोविडच्या काळात तर ती ८ हजारांवर आणली होती. परदेशात याला व्हाउचर म्हणतात, मिल्टन फ्रीडमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५५ मध्येच मांडलं होतं की पैसा शाळेला देण्यापेक्षा मुलाच्या मागे पाठवा, बाप ज्या शाळेत टाकेल तिथे पैसा जाईल. आपल्याकडे व्हाउचर शब्द कोणी वापरत नाही. आपल्याकडे म्हणतात, सोडतीत नंबर लागला का?

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एक लाखाच्या उत्पन्नाची अट फक्त दुर्बल घटकाला आहे. वंचित गटात, ज्यात ओबीसी पण येतात, उत्पन्न विचारत नाहीत, जातीचा दाखला पुरतो. त्यामुळे बारा एकर ओलिताचा कास्तकार आणि त्याच्याच वावरात सालाने राबणारा माणूस, दोघांच्या घरची पोरं एकाच सोडतीत. आमच्या प्रकरणात हे अक्षरशः झालं.

अडचण

२०२४ चं साल आरटीईवाल्यांना विसरता येणार नाही. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं, पहिल्याच ताईचा फॉर्म भरायला बसलो आणि बघतो तर शाळांच्या यादीत बाजाराच्या गावातली झेडपी आणि आमची झेडपी. ती म्हणाली, भाऊ, हे तं मले फॉर्म न भरताच भेटते! बरोबरच होतं तिचं. लोकांनी फॉर्म भरणं सोडून दिलं.

मे महिन्यात हायकोर्टाने त्या बदलाला स्थगिती दिली, फॉर्म नव्याने सुरू झाले. जूनमध्ये सोडत निघाली पण यादी बाहेर येईना. शेवटी १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्दच केला आणि मग यादी लागली. पुढे ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. कोर्टाने बरोबर केलं असंच माझं मत आहे. पण तोवर आमची शाळा भरून तीन आठवडे झाले होते. (विदर्भात उन्हापायी शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, तरी एवढा उशीर.) पहिलीत सहा पोरं बसली होती, नवीन दप्तरं, मॅडमने त्यांच्या पायांचे कुंकवाचे ठसे कागदावर घेऊन भिंतीला लावले होते. शाळेचा पट २३. आणि त्या सहातल्या चौघांचा नंबर लागला.

२३ वजा ४ म्हणजे १९.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करणार ही चर्चा तेव्हा दीडदोन वर्षं चालू होती, त्यामुळे २० हा आकडा गावात लहान पोरालाही पाठ. प्रवेश घ्यायला आठवडा-दहा दिवस हाती होते आणि ३० सप्टेंबरला जो पट असतो त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरतं. मुलामागे पैसा जातो हे खरं, पण खेड्यात मुलामागे मास्तर पण जातो, हे त्या आठवड्यात गावाला पहिल्यांदा नीट कळलं.

समोर काय काय पर्याय होते

शाळेच्या व्हरांड्यात मीटिंग झाली. एरवी समितीच्या मीटिंगला सह्या घ्यायला घरी जावं लागतं, त्या दिवशी चाळीसेक माणूस.

पहिला पर्याय, चौघांनाही जाऊ द्या, ज्याचा नंबर त्याचा हक्क. शाळेचं जे व्हायचं ते होईल, नाही तरी शेजारच्या गावची झेडपी दोन किलोमीटरवर आहे, तिथे जातील उरलेले. त्या वाटेवरचा नाला पावसाळ्यात कसा असतो ते बोलणाऱ्यालाही माहीत होतं.

दुसरा, चौघंही थांबा. हे बोलायला सोपं होतं कारण बोलणाऱ्यांपैकी कोणाचाच नंबर नव्हता.

तिसरा एकाने कानात सांगितला, नाव दोन्हीकडे ठेवा, पोरगं तिकडे आणि हजेरी इकडे. सरांनी सरळ नाही म्हटलं. २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा खोट्या पटापायी काय काय झालं ते त्यांनी पाहिलेलं, आणि आता तर आधार जोडलेलं असतं. या एका बाबतीत सरांना मानलं पाहिजे.

चौथा मॅडमचा. लोक इंग्रजीपायी जातात ना, मग इथेच सेमी इंग्रजी करू आणि एखादी शिकलेली पोरगी मानधनावर ठेवू. ग्रामपंचायतीकडे बघितलं तर वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला, उरलेल्यात आधीच रस्ता धरलेला. म्हणजे लोकवर्गणी.

तेवढ्यात मागून एक रिटायर माणूस उठला आणि जे कोणी बोलत नव्हतं ते बोलला. म्हणे दोन मास्तरांचा वर्षाचा पगार काढा, त्याला २३ ने भागा, मग १७ हजारांशी ताडून बघा, कोणती शाळा महाग पडते. सर खाली बघत राहिले, मॅडम फळ्याकडे. मला राग आला होता पण हिशेब चुकीचा नव्हता. नंतर मी वाचलं की आंध्र प्रदेशात खेड्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून खरोखरच व्हाउचर दिले होते आणि चार वर्षं मुलांची परीक्षा घेतली, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा अभ्यास आहे तो. तेलुगू आणि गणितात खासगीतली पोरं सरकारीपेक्षा पुढे नव्हती, हिंदीत पुढे होती कारण सरकारी शाळेत तेव्हा हिंदी शिकवतच नव्हते, पण खासगीचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा पुरावा घरी नेता येईल असा निकाल. त्या मीटिंगमध्ये हे माहीत असतं तरी काही फरक पडला नसता म्हणा.

ठराव असा झाला की सेमी सुरू करायचं, वर्गणी काढायची, आणि चौघांच्या घरी जाऊन समजवायचं, निदान एक तरी थांबला की पट २० राहतो. समजवायचं काम माझ्याकडे आलं, फॉर्म मी भरले होते म्हणून.

काय केलं

चार घरं होती. पहिलं बारा एकरवाल्या काकाजींचं, त्यांच्या नातवाचा नंबर. मीटिंगमध्ये शाळा वाचली पाहिजे असं सगळ्यात जोरात तेच बोलले होते आणि वर्गणीचे पहिले हजार रुपयेही त्यांनीच दिले. घरी गेलो तर चहा पाजला आणि म्हणाले, पोराच्या आयुष्याचा सवाल आहे बावा, आपल्या हातात नाही, सून ऐकत नाही. दुसरं घर ऑटो चालवणाऱ्याचं, त्याने तर दारातच हात जोडले.

तिसरी टेलरिंग करणारी ताई, एकटीच, एक पोरगा. ती म्हणाली, मी सहा वर्षं याच दिवसाची वाट पाह्यली. मी काहीच बोललो नाही, परत आलो.

चौथं घर सालदाराचं. पाडव्यापासून साल धरलेलं, आणि धरलेलं त्याच काकाजींकडे. पोरीचा नंबर होता. मी गेलो तेव्हा बाप गोठ्यावरून नुकताच आला होता, पाय धुवत होता, मी पटाचं समजावून सांगितलं, २०, संचमान्यता, शाळा बंद, गावातल्या एवढ्या पोरांचा प्रश्न. तो मान हलवत होता. माय चुलीपाशी होती, तिने तिथूनच विचारलं,

"मंग मालकाचा नातू काहून जाते?"

मी म्हटलं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. ती म्हणाली, "अन् आमचं तुमी ठरवता." मग बापच बोलला, "जाऊ दे न. भाऊ म्हनते तं राहू दे तिले इथंच." काकाजींची उचल त्याच्यावर होती, हे मला माहीत होतं. काकाजींनी त्याला काही सांगितलं होतं का ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

पोरगी दारात उभी होती, पायात मॅडमने लावलेल्या कुंकवाचा रंग अजून थोडा होता नखांत.

अशा रीतीने तिघं गेले, एक राहिली. पट २०. मीटिंगवाल्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढे काय झालं

५ सप्टेंबरला, शिक्षकदिनीच, शासन निर्णय आला की २० किंवा त्यापेक्षा कमी पट असलेल्या शाळेत दोनातला एक शिक्षक कंत्राटी द्यायचा, महिना १५ हजारांवर. २० किंवा कमी! आम्ही जीव तोडून जो आकडा गाठला तो आकडाच फासात. मॅडम दोन दिवस वर्गात नुसत्या बसून होत्या. मग राज्यभर शिक्षक संघटना उठल्या, महिना संपायच्या आत ती अट २० वरून १० वर आली. मॅडम राहिल्या. म्हणजे जुलैत पट १९ झाला असता तरी त्या वर्षी काही बिघडलं नसतं. सालदाराच्या घरी मी जो आकडा घेऊन गेलो होतो तो दोन महिन्यांत दोनदा फिरला.

सेमी सुरू झालं. वर्गणी साडेबारा हजार जमली, गावातलीच डीएड झालेली पोरगी महिना तीन हजारांवर ठेवली. छान शिकवायची, पोरं फळ्यावर येऊन धिटाईने बोलायला लागली. चार महिने चाललं. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि व्यापारी त्याच्या खालीच मागत होता, दुसऱ्यांदा वर्गणी मागायला कोणाची जीभ रेटेना.

जे तीन गेले त्यांचं वेगवेगळं झालं. काकाजींचा नातू उत्तम आहे, घरून कोणीतरी मोटरसायकलवर सोडतं, संध्याकाळी बाजाराच्या गावातच ट्यूशन. ऑटोवाल्याचा बरा, बापच गाडीवाला असल्याने व्हॅनचा खर्च नाही.

टेलरिंगवाल्या ताईचा पोरगा डिसेंबरात परत आला. दाखला घ्यायच्या कागदांसाठी ती माझ्याकडे आली तेव्हा मापाची वही बरोबर होती, त्यात छाती-कंबर-बाही लिहिलेल्या पानाच्या मागे हिशेब होता. पुस्तकं, ड्रेस आणि ॲक्टिव्हिटी म्हणून ५,८००. व्हॅन महिना ९००, दहा महिन्यांचे ९ हजार. एकूण १४,८००. खाली तिने लिहिलं होतं: ब्लाउज १५० प्रमाणे, ९९. आरटीईच्या पोराकडून पुस्तकं आणि ड्रेसचे पैसे घ्यायचे नसतात, आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, मग शाळेने पुस्तकांचे परत केले. शाळेचंही सगळं खोटं नव्हतं, त्यांचं म्हणणं होतं की मागच्या वर्षांची प्रतिपूर्तीच आली नाही, आम्ही कुठून घालायचे? पण व्हॅन कोणाच्याच नियमात बसत नव्हती. आणि नोव्हेंबरात ती व्हॅन आठ दिवस बंद पडली तेव्हा पोराला सायकलवर डबल सीट नेता नेता दिवाळीनंतरची लग्नसराईची गिऱ्हाइकं तिच्या हातून गेली.

पोरगा आता झेडपीत आहे. पट २१ झाला, पण ३० सप्टेंबरनंतर आला म्हणून त्या वर्षीच्या संचमान्यतेत तो नाही. आणि पहिलीची आरटीई जागा एकदा सोडली की परत मिळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, आम्ही भांडलो पहिलीवरून, आणि पोरं जातात नर्सरीपासून. त्या वर्षी गावात सहा वर्षांची आठ पोरं होती, त्यातली दोन तीन वर्षांची असतानाच फी भरून व्हॅनमध्ये बसली होती. त्यांच्या घरी समितीचं कोणीच कधी गेलं नाही, मी पण नाही. मॅडमनी यंदा मात्र अंगणवाडीत शनिवारी एक तास बसायला सुरुवात केली आहे. खरा निर्णयाचा टप्पा तिथे आहे असं मला आता वाटतं.

दुसरं माझ्या दुकानाचं. फॉर्मचे मी शंभर रुपये घेतो, कागद लावतो, नकाशावर घराची पिन टाकतो, झालं. व्हॅन किती, पुस्तकांचं काय, हे मी कोणालाही विचारलं नव्हतं. आता दुकानात एक कागद चिकटवला आहे, त्यावर ताईच्या वहीतला हिशेब आहे, तिला विचारून लावला. यंदा दोघांनी तो वाचून फॉर्म भरला नाही आणि चौघांनी वाचूनही भरला. ठीक आहे, बघून भरला.

सरकारच्या बाजूने बघितलं तर १७,६७० चा आकडा पुण्यात तोच आणि आमच्याकडे तोच, शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा खर्च त्यात कुठेच नाही. चिलीमध्ये १९८१ पासून पैसा मुलामागे जातो, तिथेही २००८ मध्ये कायदा करून गरीब मुलामागे जास्त रक्कम द्यावी लागली, कारण सगळ्यांना सारखं दिल्याने गरिबाला जे पाहिजे ते मिळत नव्हतं. आणि उरलेल्या शाळेचं काय? पोरगं गेलं म्हणून खोली, नळ, मास्तर यांचा खर्च त्या पोराएवढा कमी होत नाही. ही दोन्ही गणितं एकाच खात्यात होतात पण एकमेकांशी बोलत नाहीत.

पण मला रात्री आठवतं ते यातलं काहीच नाही. गावाला एक पोर थांबवायचं होतं आणि आम्ही ते त्या घरातलं निवडलं ज्या घराला नाही म्हणता येत नव्हतं. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत होती त्याच्याकडे मी चहा पिऊन परत आलो. थांबवायचंच होतं तर काकाजींच्या नातवाला थांबवायचं होतं, किंवा कोणालाच नाही. कायद्याने ती जागा त्या पोरीसारख्यांसाठीच ठेवली आहे. पट वाचवायचं ओझं मी तिच्या दप्तरात टाकलं.

पोरगी दुसरीत आहे. वाचन चांगलं आहे तिचं, मॅडम म्हणतात वर्गात पहिली. ती तिकडे गेली असती तर टिकली असती की टेलरिंगवाल्या ताईच्या पोरासारखी परत आली असती हे कोणालाच सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात तिची माय दुकानात आली होती, कडेवर लहाना पोरगा. म्हणे याचं फॉर्माचं वय कधी बसते ते पाहा. मी आधार बघून तारीख काढली, कोणत्या साली, कोणते कागद लागतील, जातीचा दाखला आत्ताच करून ठेवा म्हटलं, सगळं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने चिठ्ठी घडी करून ब्लाउजात ठेवली, पैसे घेतले नाहीत तरी दहाची नोट टेबलावर ठेवलीच, आणि पायरी उतरता उतरता म्हणाली,

"तवा मले पटाचं नोका सांगू, भाऊ."